व्यायामाच्या पैजेचं अ‍ॅप बांधताना: पैसा बाहेर, वस्ताद आत

‘आठवड्यात चार दिवस मेहनत झाली नाही, तर रविवारी तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यातली माती मी एकटा उकरणार.’ चार दोस्तांसमोर अशी बोली झाली की पाचचा गजर बंद करून पुन्हा पांघरूण ओढणं जड जातं. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याची मांडणी केली होती: एखादी गोष्ट मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढीच गमावल्याचं दुःख माणसाला जास्त टोचतं. पैजेच्या अ‍ॅपला हे टोचणं कामाला लावायचं असतं.

पहिल्यांदाच असं अ‍ॅप बांधणारा साधारण स्क्रीन, रंग आणि पॉइंटच्या तक्त्यापासून सुरुवात करतो. तो भाग सोपा आहे. अवघड आहे ते आज व्यायाम झाला की नाही हे ठरवणं, आणि ते हरलेल्यालाही पटेल असं ठरवणं. तालमीत हे काम वस्ताद करतो, अ‍ॅपमध्ये ते तुमच्या नियमांना करावं लागतं. म्हणून या लेखात स्क्रीनपेक्षा नियमांवर जास्त वेळ घालवला आहे.

आधी दोन आठवडे कागदावर

कोड लिहिण्याआधी पाच जणांचा गट जमवा. तीनपेक्षा कमी असतील तर वाद झाल्यावर निवाडा करायला कुणी उरत नाही. आठपेक्षा जास्त झाले की कोण आलं आणि कोण नाही याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. एका मोठ्या कागदावर नावं आणि वार यांचा तक्ता करा, जिमच्या किंवा तालमीच्या भिंतीला लावा आणि दोन आठवडे पैज चालवा. जो प्रश्न दुसऱ्यांदा विचारला जाईल तो वहीत उतरवा. रात्री साडेबाराला केलेला व्यायाम कोणत्या दिवसात धरायचा? कोल्हापुरात रंकाळा तलावाला अर्धी फेरी चालली तर? ताप असताना सुट्टी मिळते का? हे प्रश्न कागदावर सुटले नाहीत तर ते अ‍ॅपमध्येही सुटणार नाहीत, उलट तिथे ते भांडण होऊन येतील.

या दोन आठवड्यांत गट टिकला नाही, तर अ‍ॅप बांधण्याचं काम थांबवा आणि गट बदला. चांगलं अ‍ॅप असल्यामुळे अनोळखी माणसं एकमेकांचा शब्द पाळू लागत नाहीत.

पैसा का नको

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे किंवा पैशासारखी गोष्ट डावावर लावून जिंकण्याच्या अपेक्षेने खेळायचे ऑनलाइन खेळ या कायद्याने बंद केले. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, असा फरक त्यात ठेवलेला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणारा आणि पैशाचा व्यवहार करून देणारा यांनाही वेगळी शिक्षा सांगितली आहे. पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन किंवा क्रेडिटही त्यात येतात, म्हणून ‘आम्ही रुपये नाही, फक्त कॉइन वापरतो’ ही पळवाट चालत नाही. त्याच्या जोडीला राज्याचा जुगारबंदी कायदा १८८७ पासून आहेच. शिवाय १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार मुळात रद्दबातल असतो, हरलेल्याने पैसे दिले नाहीत तर कोर्टात जाऊन वसूल करता येत नाहीत.

परदेशी अ‍ॅप पाहून हा मोह होतो, म्हणून एक उदाहरण लक्षात ठेवा. अमेरिकेतलं ‘पॅक्ट’ हे अ‍ॅप व्यायाम चुकला की वापरणाऱ्याच्या कार्डावरून पैसे कापायचं. ठरलेला व्यायाम केलेल्यांचेही पैसे कापले आणि जिंकलेल्यांना त्यांचे पैसे दिले नाहीत, अशा आरोपांवरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१७ मध्ये कंपनीवर कारवाई केली. आरोप नीट वाचले तर पैशाइतकाच तो निकालाचाही घोळ आहे: व्यायाम झालेला असूनही तो न झालेला धरला गेला.

त्यामुळे पैजेच्या तपशिलात रुपयांचा रकाना ठेवूच नका. क्यूआर कोड, पाकीट, ‘हरलेल्याकडून मागा’ असं बटण, यातलं काही नको. हरलेल्याने मिसळ खाऊ घालायची असं दोस्त समोरासमोर ठरवत असतील तर तो त्यांचा प्रश्न आहे, अ‍ॅपने त्याची नोंद ठेवू नये. अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी तासभर वकिलाचा सल्ला घ्या आणि पैजांची यादी त्यांना दाखवा.

मग डावावर लावायचं काय? कष्ट आणि शब्द. हौद्यातली माती उकरून देणं, जिमच्या चटया पुसणं, आठवडाभर पहाटे दोस्ताला घरून उठवून आणणं, रविवारी पन्हाळ्याला चालत जाताना सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या वाहणं. अशा दहा-बारा कामांची तयार यादी द्या आणि स्वतःची पैज लिहायला ८० अक्षरांची जागा ठेवा. तिथे रुपयांचं चिन्ह किंवा ‘रुपये’ हा शब्द आला तर मजकूर स्वीकारू नका.

दोन गोष्टी यादीत येऊ देऊ नका. एक, शिक्षा म्हणून जास्तीचा व्यायाम. आठवडाभर न हललेल्या माणसाला एका दमात दोनशे बैठका मारायला लावल्या की गुडघा दुखावतो, आणि व्यायाम ही शिक्षा आहे हे मनात बसतं ते वेगळंच. दुसरी, वजनाची पैज. अमुक दिवसांत तमुक किलो, असं ठरलं की माणसं शेवटच्या दिवशी पाणी तोडतात, जेवण टाकतात. कुस्तीच्या गावात वजन उतरवण्याचे धोके वेगळे सांगायला नकोत. पैज कृतीवर लावा, काट्यावर नको.

नियम आकड्यांत लिहा

‘नियमित व्यायाम’ हा नियम होत नाही. ‘आठवड्यात ५ दिवस, दिवसाला किमान ३० मिनिटं’ हा नियम होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल सुचवते. ५ गुणिले ३० हा हिशेब तिथे बरोबर बसतो, आणि नवख्यासाठी ४ दिवसांपासून सुरुवातही चालते. रोजच्या रोजची पैज देऊ नका. एक दिवस चुकला की ती संपते, आणि उरलेले सहा दिवस माणूस अ‍ॅप उघडत नाही.

दिवस पहाटे ३ वाजता बदला. मध्यरात्री बदललात तर रात्री साडेअकराला जिममध्ये शिरणाऱ्याचा व्यायाम दोन दिवसांत चिरला जातो. चारला तालमीत पोचणाऱ्यालाही ३ ची सीमा आड येत नाही. आठवडा सोमवारी पहाटे ३ ला सुरू करून पुढच्या सोमवारी पहाटे ३ ला संपवा. त्या सोमवारी रात्री ९ पर्यंत राहिलेल्या नोंदी घ्या, मंगळवारी रात्री ९ पर्यंत हरकती घ्या आणि त्यानंतर निकाल लावा. मधली ही ढील मुद्दाम ठेवली आहे, कारण घड्याळातली माहिती फोनमध्ये यायला वेळ लागतो.

गटातल्या ज्या दोघांत पैज लागली त्या दोघांनीही ती मान्य केली की तिचे नियम त्या पैजेच्या नोंदीत कोरून ठेवा. नुसता ‘गटाचे नियम पाहा’ असा दुवा ठेवलात तर गुरुवारी कुणीतरी गटाचा नियम बदलतो आणि सोमवारी सुरू झालेल्या पैजेचा निकालही बदलतो. नवख्यांच्या अ‍ॅपमधली ही फार नेहमीची चूक आहे.

बांधणी

एकट्याने किंवा दोघांनी बांधायचं असेल तर समोरच्या भागासाठी, म्हणजे स्क्रीनसाठी, फ्लटर आणि मागच्या भागासाठी, म्हणजे सर्व्हर आणि साठवणीसाठी, फायरबेस ही गूगलची साधनं पुरे. फायरस्टोअर, म्हणजे फायरबेसमधला डेटाबेस, बनवताना प्रदेश ‘एशिया साऊथ १’, म्हणजे मुंबई निवडा. हा प्रदेश नंतर बदलता येत नाही.

माहितीचे पाच संच ठेवा: सदस्य, गट, पैजा, नोंदी आणि निकाल. पैजेच्या अवस्था सुरुवातीलाच पक्क्या करा: मांडलेली, मान्य, चालू, हरकतीत, निकाली, रद्द. चालू पैज पुन्हा ‘मांडलेली’ होऊ शकत नाही, हे सर्व्हरवर तपासा. सुरक्षेच्या नियमांत सदस्याला फक्त स्वतःची नोंद घालता यावी, आणि निकालांच्या संचात फोनवरून कुणालाही लिहिता येऊ नये, गटप्रमुखालाही नाही. तिथे फक्त सर्व्हरवरचं फंक्शन, म्हणजे तिथे आपोआप चालणारा छोटा कोड, लिहील. नोंद खोडायची सोय देऊ नका. चूक झाली तर ‘मागे घेतली’ अशी दुसरी नोंद पडू द्या. दुकानातल्या रोजमेळात पान फाडत नाहीत, तसंच हे.

वेळेचा प्रश्न इथे सर्वांत जास्त छळतो. नोंदीत फक्त फोनची वेळ ठेवलीत तर घड्याळ मागे करून कालचा व्यायाम दाखवता येतो. फक्त सर्व्हरची वेळ ठेवलीत तर जाड भिंतींच्या तालमीत रेंज नसताना साडेपाचला केलेली नोंद, फोन रेंजमध्ये आल्यावर, अकराची म्हणून पडते, कारण फायरस्टोअर सर्व्हरची वेळ नोंद पोचल्यावर लावतो. म्हणून दोन्ही वेळा साठवा. त्यांच्यात सहा तासांपेक्षा जास्त फरक असेल तर नोंद बाद न करता ‘दोस्ताची खात्री हवी’ असा शिक्का मारा. साठवताना वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवा. दिवस आणि आठवडा मोजताना आणि निकालाचं फंक्शन ठरावीक वेळी चालवताना ‘एशिया कोलकाता’ हा कालविभाग स्पष्ट लिहा. तो लिहायचा राहिला तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि पहाटेचे सगळे व्यायाम आदल्या तारखेत जातात.

निकालाचं फंक्शन कधी कधी दोनदा चालतं. निकालाच्या नोंदीला पैजेचा क्रमांक आणि आठवड्याचा क्रमांक जोडून नाव द्या. मग ते दुसऱ्यांदा चाललं तरी त्याच जागी तोच निकाल लिहिला जातो, हार दोनदा मोजली जात नाही.

पुरावा

पावलं आणि व्यायामाची माहिती अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्टमधून घ्या, फोन आणि घड्याळातली आरोग्याची माहिती तिथे एकत्र जमते. गूगल फिटच्या जुन्या वाटेने जाऊ नका, तिथे नव्या अ‍ॅपची नोंदणी मे २०२४ पासून बंद आहे. हेल्थ कनेक्ट अँड्रॉइड १४ पासून फोनमध्येच असतं, त्याआधीच्या फोनवर ते प्ले स्टोअरवरून घ्यावं लागतं. आयफोनवर याच कामासाठी हेल्थकिट आहे. फ्लटरचं ‘हेल्थ’ पॅकेज या दोन्हींशी बोलतं.

पावलांच्या सुट्या नोंदींची स्वतः बेरीज करू नका. फोन आणि घड्याळ दोन्ही मोजत असतात आणि तीन हजारांची सहा हजार होतात. हेल्थ कनेक्टची एकत्रित बेरीज मागा, ती दुबार नोंदी वगळते. हाताने भरलेल्या नोंदी ओळखता येतात: अँड्रॉइडवर नोंदीसोबत ती कशी झाली याची खूण असते, आयफोनवरही ‘वापरणाऱ्याने भरलेली’ अशी खूण असते. अशा नोंदी थेट धरू नका, दोस्ताच्या खात्रीकडे पाठवा. आयफोनची एक खोच आहे. वापरणाऱ्याने वाचायची परवानगी नाकारली तरी अ‍ॅपला तसं कळत नाही, माहिती फक्त रिकामी दिसते. म्हणून स्क्रीनवर ‘व्यायाम केला नाही’ असं कधीच लिहू नका, ‘माहिती मिळाली नाही’ असं लिहा. या एका वाक्यामुळे पुष्कळ भांडणं टळतात.

आता कोल्हापूरची अडचण. तालमीत घड्याळ घालून कुणी मातीत उतरत नाही, फोन पिशवीत असतो. जोर, बैठका, सपाटे, लढती यांतलं काहीच पावलांत दिसत नाही. दोन तास घाम गाळलेल्या पैलवानाला अ‍ॅप ‘४०० पावलं’ दाखवतं आणि रंकाळ्यावर रमतगमत गेलेला जिंकतो. त्यामुळे सगळ्या व्यायामांना एकच माप लावू नका. चालणं-पळण्याला हेल्थ कनेक्ट, तालीम आणि जिमला हजेरी अधिक सोबत्याची खात्री. गटाला एक ‘वस्ताद’ नेमू द्या. तो पैजेत नसावा, आणि त्याने एका बोटाने पाच जणांची हजेरी टिपता यावी. वयस्कर वस्तादांसाठी हा स्क्रीन वेगळा करा: मोठी नावं, प्रत्येकापुढे एक बटण, बाकी काही नाही.

जागेवरून हजेरी घ्यायची असेल तर वर्तुळाची त्रिज्या १०० ते १५० मीटरपेक्षा कमी ठेवू नका, त्याखाली चुका वाढतात. पण गंगावेशीत किंवा महाद्वार रोडला १५० मीटरमध्ये तालीम, घर आणि चहाची टपरी तिन्ही बसतात. म्हणून जागा हा जोडपुरावा समजा, एकटीवर निकाल नको. अ‍ॅप उघडं असतानाच जागा घ्या, सुरुवातीला एकदा आणि २५ मिनिटांनंतर एकदा. पार्श्वभूमीत सतत जागा घेण्याची परवानगी मागितलीत तर प्ले स्टोअरची तपासणी कडक होते आणि बॅटरीही उतरते.

फोटो घ्यायचा तर अ‍ॅपच्याच कॅमेऱ्यातून, गॅलरीतून नाही. रोज सकाळी एक खूण बदलती ठेवा, जसं तीन बोटं किंवा उजवा हात कानाला, म्हणजे कालचा फोटो चालत नाही. फोटोत दुसरं कुणी येऊ नये अशी सूचना कॅमेऱ्यावरच दिसू द्या. जिममध्ये बायकाही व्यायाम करत असतात. निकाल लागल्यावर सात दिवसांनी फोटो आपोआप पुसला जावा.

निकाल आणि हरकत

ज्या नोंदीवर कुणी हरकत घेतली नाही ती मान्य धरा. हरकत आलीच तर पैजेतले दोघे सोडून उरलेल्यांनी मत द्यावं. किमान दोन मतं पडली नाहीत किंवा मतं समसमान झाली, तर नोंद करणाऱ्याच्या बाजूने निकाल. शंकेचा फायदा नेहमी व्यायाम केला म्हणणाऱ्याला. एखादा खोटं बोलून जिंकला तरी गट त्याला ओळखून असतो. खरा व्यायाम करून हरवला गेलेला मात्र परत येत नाही. सर्व्हर बंद पडला किंवा माहिती आलीच नाही, तर त्या दिवशी कुणाचीच हार मोजू नका.

प्रत्येक निकालाखाली कारण साध्या मराठीत लिहा: ‘५ पैकी ४ दिवस पूर्ण. गुरुवारी १८ मिनिटं, ३० हवी होती.’

सुट्टीचे नियम यातच येतात. प्रत्येकाला महिन्याला दोन सुट्ट्या द्या, त्याच दिवशीही घेता येतील अशा आणि कारण न विचारता. ताप, पाळी, घरचं कार्य, परीक्षा यांचा खुलासा गटापुढे करायला लागू नये. त्याशिवाय गटप्रमुखाला सगळ्या पैजा थांबवायचं एक बटण हवं. जुलै-ऑगस्टमध्ये ते लागतंच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरासारखी वेळ आली तर पैजेसाठी कुणी नदीकाठचा रस्ता धरता कामा नये. ‘इशारा पातळी गाठली की पैजा थांबतात’ असं नियमांतच लिहून ठेवा, पण बटण माणसाच्या हातात ठेवा. थांबलेले दिवस आठवड्यातून वजा करा आणि लक्ष्य त्या प्रमाणात कमी करा.

सूचना आणि भाषा

दिवसाला जास्तीत जास्त दोन सूचना. अँड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगी विचारावी लागते. ती अ‍ॅप उघडताक्षणी न विचारता पहिली पैज मान्य झाल्यावर विचारा, तेव्हा माणसाला तिचं कारण कळतं. ‘तू हरणार!’ यापेक्षा ‘आज ३० मिनिटं झाली की आठवडा पुरा’ हे जास्त कामाचं. काही फोन बॅटरी वाचवायला मागची कामं बंद पाडतात, म्हणून आठवण फोनवरच्या वेळापत्रकावर न सोडता सर्व्हरवरून पाठवा.

अ‍ॅपमध्ये ‘पैज’ हाच शब्द वापरा. ‘सट्टा’ आणि ‘बेट’ हे शब्द वर्णनातही नकोत, स्टोअरची तपासणी तिथेच अडते. ओळीची उंची अक्षराच्या किमान दीडपट ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि रफार कापले जातात. बटणावर ‘स्वीकृत करा’ नको, ‘मान्य’ लिहा.

खर्च आणि प्ले स्टोअर

प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलला दरवर्षी ९९ डॉलर. पहिली आवृत्ती अँड्रॉइडवरच काढा. फायरस्टोअरमध्ये दिवसाला ५०,००० वाचनं आणि २०,००० लेखनं फुकट असतात. ३० जणांनी दिवसात दहा वेळा अ‍ॅप उघडलं आणि दर वेळी ६० नोंदी वाचल्या तर १८,००० वाचनं होतात. शंभर जण झाले की ६०,००० होऊन मर्यादा ओलांडते. प्रत्येक गटासाठी आठवड्याचा एक सारांश सर्व्हरवर बनवून ठेवलात तर ६० च्या जागी ५-६ वाचनांत भागतं. सर्व्हरवरच्या फंक्शनसाठी कार्ड जोडून फायरबेसची ब्लेझ, म्हणजे वापराप्रमाणे पैसे घेणारी, योजना घ्यावी लागते. तिथे बजेटचा इशारा लावा, पण तो फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही. ओटीपीच्या एसएमएसला पैसे लागतात, म्हणून सुरुवातीला गूगल खात्याने प्रवेश द्या.

पहिली आवृत्ती १८ वर्षांवरील लोकांसाठीच ठेवा. तालमीत शाळकरी मुलं पुष्कळ असतात, पण २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ खालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. आपलं अ‍ॅप तर रोजचं वागणंच मोजतं.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यावरून अ‍ॅप खुलं करण्याआधी १२ जणांनी सलग १४ दिवस ते बंद चाचणीत वापरावं लागतं. १६ ते १८ जण घ्या, दोन-चार गळतातच. हे १४ दिवस म्हणजे बरोबर दोन आठवड्यांची पैज. चाचणीवाल्यांचे तीन गट करा: एक तालमीचा, एक जिमचा, एक रंकाळ्यावर चालणाऱ्यांचा. तिन्हींच्या तक्रारी वेगळ्या निघतील. त्या तारखेसह वहीत उतरवा आणि प्रत्येकीपुढे काय बदललं ते लिहा, कारण अर्ज करताना चाचणीतून काय शिकलात हे गूगल विचारतं. त्याच वेळी आरोग्यविषयक अ‍ॅपचा जाहीरनामा भरायचा असतो आणि हेल्थ कनेक्टची प्रत्येक परवानगी कशासाठी हवी ते लिहायचं असतं. पावलं आणि व्यायामाची सत्रं एवढंच मागा. झोप, हृदयाचे ठोके, वजन यांतलं काही मागितलंत तर कारण विचारलं जाईल, आणि पैजेला त्यांची गरज नाही. खातं पुसण्याची सोय अ‍ॅपमध्ये आणि बाहेर एका पानावर, दोन्हीकडे द्यावी लागते. चालू पैजेतल्या माणसाने खातं पुसलं तर ती पैज ‘रद्द’ करा, त्याच्या नावावर हार लिहू नका.